चार बोटांचं रबर आणि डांबराचा काठ

पत्र

माझी २०२२ ची मारुती बलेनो, अल्फा मॉडेल. टायर १९५/५५ आर १६, कंपनीचे अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे रिम. गाव राजापूर तालुक्यात, आठवड्यातून दोनदा अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जातो. गावातले सात किलोमीटर म्हणजे उखडलेलं डांबर, वर आलेली खडी आणि मधेमधे जांभ्याची माती. या पावसाळ्यात डावीकडच्या दोन्ही टायरना बाजूला फुगे आले आणि एक अलॉय आतल्या अंगाने वाकलं. ते ठोकून सरळ केलं, पण त्या चाकातली हवा आठवड्याला पाचएक पीएसआयने उतरते. एका फुग्याला पंक्चरवाल्याने आतून पॅच मारून दिला, तो टायर मागे टाकलाय. गाडी आपटू नये म्हणून हवा २८ ठेवतो. टायरवाला म्हणतो, १७ इंची मॅगव्हील (मोठे अलॉय) आणि २०५/४५ चे रुंद टायर घ्या, पकड वाढेल. मेहुणे म्हणतात, आहे त्याच रिमवर २०५/६० टाका, गाडी उंच होईल. मित्राचं म्हणणं ऑल टेरेन टायर टाक. नक्की काय करावं?

– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर

बाकी सगळं नंतर. पॅच मारलेला तो टायर आधी गाडीवरून उतरवा आणि दुसराही फुगलेला गाडीवर असेल तर तोही. दोन्ही भंगारात घाला, स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नका. टायरच्या बाजूच्या भिंतीत ताकद रबराची नसते, आत उभ्या विणलेल्या पॉलिएस्टरच्या दोऱ्यांची असते. लोखंडी तारांचे पट्टे असतात ते फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, बाजूला नाहीत. फुगा आला याचा अर्थ तिथले दोरे तुटले आणि आतली हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलते आहे. पॅचने हवा अडते, दोरे जोडले जात नाहीत. अणुस्कुरा उतरताना, ब्रेक तापलेले असताना तो टायर फाटला तर मागे आहे की पुढे, याला काही अर्थ उरणार नाही.

आता तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: दोन्ही फुगे डावीकडचेच. खड्डे काही फक्त डावीकडे नसतात, पण डांबराचा तुटका काठ मात्र डावीकडेच असतो. समोरून एसटी आली की आपण डावी चाकं साइडपट्टीवर उतरवतो, आणि गाडी पुढे गेली की वेग न मोडता, अगदी तिरप्या रेषेत, हळूहळू परत वर घेतो. तेव्हा डांबराची दोन-तीन इंच उंच कड टायरच्या तोंडावर येत नाही, बाजूच्या भिंतीला घासत, तिला चेपत जाते. टायरचा सगळ्यात नाजूक भाग आणि रस्त्याचा सगळ्यात धारदार भाग असे एकमेकांना भिडतात. त्यावर हवा २८.

हवा कमी ठेवली की गाडी मऊ चालते हे खरं, पण तो मऊपणा टायरच्या भिंतीच्या जिवावर येतो. खड्ड्याच्या कडेवर टायर चेपतो, चेपत चेपत भिंत दुमडते, आणि शेवटी एका बाजूला रिमचा काठ आणि दुसऱ्या बाजूला दगड, मधे रबर असा अडकित्ता तयार होतो. सुपारी फुटते तसे दोरे तुटतात. जोर आणखी असेल तर रिमही वाकतं. तुमच्याकडे दोन्ही झालं आहे. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा छापलेला आहे. तोच भरायचा. तो २८ च्या वरच असणार. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर पाच माणसं बसवताना तो. मोजायची ती गाडी निदान तीन तास उभी असताना, सकाळी. चालून तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. हवेचा मापक स्वतःचा घ्या, दर वेळी त्याच एकाने मोजा, कारण दोन पंपांवरचे मापक एकमेकांशी जुळतीलच असं नाही. शिवाय मे महिन्यात भरलेली हवा जुलैत आपोआप कमी होते: तापमान दहा अंशांनी उतरलं की पीएसआय एक-दीडने घटतो आणि महिन्याला एखाद-दुसरा झिरपून जातो, तो वेगळाच. नायट्रोजन भरा असं कोणी सांगेलच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या.

एवढं झाल्यावर मापांकडे येऊ. खडकाळ रस्त्यावर टायर निवडताना आधी बघायची ती रिम आणि दगड यांच्यात उरणारी रबराची उंची. रुंदी नंतर, नक्षी त्याच्याही नंतर.

१९५/५५ आर १६ यात १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के इतकी भिंतीची उंची, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिमी. पण हे सगळे १०७ तुमच्या कामाचे नाहीत. रिमची बाहेर आलेली कड साधारण १७ मिमी झाकते. गाडीच्या वजनाने टायर खाली बसतो त्यात आणखी १५ ते २० जातात. उरले बहात्तरच्या आसपास. विश्वास बसत नसेल तर गाडी सपाट जागी उभी करा आणि पुढच्या चाकापाशी, जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे, रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत फूटपट्टी उभी धरा. हाताची चार बोटं आडवी ठेवली तर भरेल, एवढंच अंतर आहे. खड्ड्याच्या कडेवर गाडी आदळते तेव्हा तुमचं अलॉय आणि खडी यांच्यात आहे ते एवढं.

त्याच बलेनोची खालची मॉडेलं, सिग्मा आणि डेल्टा, १८५/६५ आर १५ वर येतात. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी. हाच हिशेब लावला तर वापरायला ८५ उरतात. तेरा मिमी जास्त. ऐकायला किरकोळ, पण बहात्तरात तेरा म्हणजे अठरा टक्के. आणि खरी गंमत पुढे आहे. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, त्यात वरची-खालची भिंत मिळवली की तुमच्या आताच्या चाकाचा पूर्ण व्यास ६२०.९ मिमी. १५ इंचाचे ३८१, त्यात दोन भिंती, बेरीज ६२१.५. म्हणजे बाहेरून चाक तेवढंच. स्पीडोमीटर, गिअर, मडगार्डमधली जागा, कशातही फरक नाही. फक्त धातू कमी आणि रबर जास्त. वजन पेलण्याची ताकदही कमी होत नाही, उलट वाढते: १९५/५५ वर सहसा ८७ हा भार निर्देशांक असतो, म्हणजे एका टायरला ५४५ किलो, १८५/६५ वर ८८, म्हणजे ५६०.

तुमच्यासाठी आमचं उत्तर हेच आहे: १५ इंची रिम आणि १८५/६५ चे चार टायर. शिवाय हा आकार स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा यांच्यावरही चालतो, त्यामुळे राजापूरला किंवा मलकापूरला रविवारी संध्याकाळी टायर फुटला तरी दुकानात मिळण्याची शक्यता बरीच. १९५/५५ साठी कदाचित कोल्हापूर गाठावं लागेल.

किंमत कुठे मोजावी लागेल तेही सांगतो. भिंत उंच म्हणजे वळणावर गाडी किंचित जास्त कलंडल्यासारखी वाटेल, हायवेवर ११० ला स्टिअरिंगचा तो झटकन मिळणारा प्रतिसाद थोडा मंदावेल. आणि गाडी उभी असताना १६ इंची अलॉयइतकी देखणी दिसणार नाही.

आता बाकीचे सल्ले. टायरवाल्याच्या २०५/४५ आर १७ ची भिंत ९२ मिमी भरते. वरचाच हिशेब केला तर वापरायला सत्तावन्न, म्हणजे तीन बोटं. रुंदीने कोरड्या, गुळगुळीत डांबरावर पकड थोडी वाढते, पण तुमचा प्रश्न पकडीचा नव्हताच. उलट पावसात साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, चिखलात खाली रुतून घट्ट जमिनीपर्यंत पोचण्याऐवजी वरवर घसरतो, आणि डांबराच्या कडेला जास्त बाहेर येऊन भिडतो. हा सल्ला टायरवाल्याच्या फायद्याचा आहे, एवढंच म्हणू.

मेहुण्यांच्या म्हणण्यात अर्ध तथ्य आहे. २०५/६० आर १६ ची भिंत १२३ मिमी, म्हणजे रबर खरोखर वाढतं. पण चाकाचा व्यास ६५२ होतो, पाच टक्क्यांनी मोठा. गाडी उंच होते ती फरकाच्या निम्मीच, जेमतेम १६ मिमी. खालचा अर्धाच व्यास गाडीला उचलतो. वरचा अर्धा मडगार्डच्या आत घुसतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून पाच माणसांसह खड्ड्यात गेलात की टायर प्लॅस्टिकच्या अस्तराला घासेल. स्प्रिंगची खालची बशी टायरच्या वरच असते, तिथलं अंतरही तेवढंच कमी होतं, आणि तिथे घासला तर अस्तर नाही, टायर कापला जातो. काटा ८० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा चार किलोमीटर जास्त वेगाने पळत असेल. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी ओढताना पाच टक्के ओढ गेलेली पायाला कळते. मूळ व्यासापेक्षा दोन, फार तर अडीच टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, हा आमचा नियम. त्यात बसणारा एक आकार आहे, १९५/६५ आर १५: भिंत १२७, व्यास ६३४.५, म्हणजे सव्वादोन टक्के जास्त. काही जण टाकतात. पण सहा-सात मिमीसाठी कंपनीने या गाडीला न दिलेला आकार घेऊन विमा कंपनीच्या हातात कारण देण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांवर बंधन आहे. १८५/६५ चं तसं नाही, तो याच गाडीचा आकार. तरीही दाराजवळच्या स्टिकरवर दोन्ही आकार छापलेत का ते बघा. नसतील तर सर्व्हिस सेंटरकडून एका ओळीचं उत्तर ई-मेलवर घेऊन ठेवा.

ऑल टेरेन टायर हे जड, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे, जीप-बोलेरोच्या मापांत मिळणारे. बोलेरोचा २१५/७५ आर १५ घ्या: त्याची भिंतच १६१ मिमी. ती गाडी खड्ड्यांना भीत नाही याचं निम्मं कारण तिथे आहे, नक्षीत नाही. तुमच्या मापात तसा टायर सहज मिळणार नाही. मिळाला तरी ओल्या डांबरावर त्याची पकड साध्या टायरपेक्षा बहुधा कमीच भरेल, आवाज आणि पेट्रोल जास्त. तुमचा रस्ता खराब आहे, पण आहे डांबरीच.

रिम कोणतं, यावर लोक फार भावनिक होतात. तुमच्यासाठी लोखंडी. ओतीव अलॉय मार खाल्ल्यावर थोडं वाकतं आणि मग तडकतं. लोखंडी रिम वाकत राहतं, आणि त्याची कड गावातल्या पंक्चरवाल्याकडे ठोकून तात्पुरती सरळ करता येते. तुमच्या सरळ केलेल्या अलॉयची हवा उतरते आहे, त्याला बहुतेक आतल्या कडेला केसासारखी चीर असणार. चाक काढून आतल्या बाजूला साबणाचं पाणी लावा, रेषेत बारीक बुडबुडे आले की समजा. त्यावर वेल्डिंग करून देणारे भेटतील, करू नका. त्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूचं पाणी उतरतं आणि पुढची चीर वेल्डच्या शेजारून जाते. लोखंडी रिमचा दोष कोकणात एकच आणि तो मोठा आहे: गंज. टायर जिथे रिमला चिकटून बसतो त्या पट्टीवर गंज धरला की तिथून हवा झिरपते, आणि पंक्चर मात्र सापडत नाही. म्हणून टायर चढवण्याआधी ती पट्टी तारेच्या ब्रशने घासून रंगाचा पातळ हात मारून घ्या.

नवीन रिम घ्यायलाच हवीत असं नाही. खालच्या मॉडेलचे मालक अलॉय बसवतात आणि मूळ लोखंडी रिम दुकानात सोडून जातात, ती स्वस्तात मिळतात. घेताना बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसतं रिम फिरवून बघा. कड वरखाली किंवा आतबाहेर डुलताना डोळ्यांना दिसली तर ते बाजूला ठेवा. चार नट, नटांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी, मधलं भोक ५४.१ मिमी, ही बलेनोची मापं. टायर एकच आहे म्हणून दुसऱ्या मॉडेलचं रिम बसेलच, हा गैरसमज. भोक मोठं असलेलं रिम नटांवर बसतं खरं, पण मध्यावर बसत नाही, आणि मग ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही. रिमच्या पाठीमागे रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम गाडीला टेकतं ती पाठ यांतलं अंतर) कोरलेले असतात. १८५/६५ ला साडेपाच इंच रुंदीचं रिम हे प्रमाण माप, पाच ते साडेसहापर्यंत चालतं. ऑफसेट खालच्या मॉडेलच्या मूळ रिमइतकाच हवा.

पैसे देण्याआधी एक रिम टायर न चढवता पुढच्या चाकाच्या जागी बसवून बघा. चार नट हाताने आवळा, मग रिम हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरपासून, म्हणजे डिस्कला चिमटा काढणाऱ्या भागापासून, सगळीकडे निदान तीन मिमी मोकळे हवेत. छोट्या रिमला जाताना अडचण येते ती इथेच, रस्त्यावर नाही. तुमच्या अलॉयचे नट लोखंडी रिमला चालतील का, तेही याच वेळी बघा: नटाचा निमुळता भाग रिमच्या खळग्यात पूर्ण बसला पाहिजे, काठावर टेकून राहता कामा नये.

टायर घेताना बाजूला कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा महिन्यांपेक्षा जुना नवीन म्हणून घेऊ नका. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. व्हॉल्व्ह चारही नवे, ही वस्तू अगदी स्वस्त आहे आणि तिच्यात काटकसर करणारे बरेच आहेत. नट फुलीच्या क्रमाने, समोरासमोरचे, आवळायचे आणि शेवटचा जोर टॉर्कच्या पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. हवेच्या गनने कचकचून आवळलेला नट घाटात भर पावसात तुमच्या पान्याला दाद देणार नाही. ५० ते १०० किलोमीटर झाले की एकदा परत तपासा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, कारण ज्या धक्क्याने अलॉय वाकलं त्याने सस्पेन्शनलाही काहीतरी दिलेलं असू शकतं. जुन्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेली दिसली तर तशी शंका धराच. कायद्याने नक्षी १.६ मिमी उरेपर्यंत टायर चालतो. कोकणातल्या पावसाला आम्ही ३ मिमीला बदला म्हणू.

गाडी चालवण्यातली दोन पथ्यं. खड्डा चुकत नसेल तर ब्रेक आधी मारा आणि कडेला पोचता पोचता सोडा; ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं, पुढची स्प्रिंग आधीच चेपलेली असते आणि सगळा मार टायर-रिमवर येतो. आणि एसटीला बाजू देऊन झाल्यावर डांबरावर परत चढताना जवळपास चालण्याच्या वेगावर या, स्टिअरिंग जरा जास्त वळवा आणि कड टायरच्या तोंडावर घ्या. तिरकं, लांबवत चढू नका.

जाता जाता डिकीतली स्टेपनी काढून तिचा आकार वाचा. बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलांना स्टेपनी मात्र लहान, लोखंडी रिमची दिलेली असते. तुमची १८५/६५ आर १५ निघाली तर काम सोपं, तीच पाचवी. वेगळीच निघाली तर ती फक्त टायरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती, सावकाश, आणि शक्यतो मागच्या चाकाला वापरा. पुढचं फुटलं तर मागचं चांगलं पुढे घ्या आणि स्टेपनी मागे. पंक्चरच्या किटमधला डिंक बाजूची चिरलेली भिंत सांधत नाही, म्हणून घाटात जाताना स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघत चला. उरलेली चांगली तीन अलॉय आणि १९५/५५ चे दोन धड टायर विकताना वाकलेल्याचं काय झालं ते घेणाऱ्याला सांगा आणि ते चौथं त्यात घालू नका.